फोनची बॅटरी टिकवायची कशी? मुंबईकरांचे नेहमीचे प्रश्न

आम्ही दादरला मोबाइल दुरुस्तीचं काम करतो. काउंटरवर सगळ्यात जास्त कानावर पडणारं वाक्य म्हणजे "बॅटरी टिकत नाही हो." या एका वाक्यात दोन वेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. सकाळी भरलेली बॅटरी संध्याकाळच्या गाडीपर्यंत पुरत नाही, ही एक. फोन घेऊन दोन वर्षं होत नाहीत तोच बॅटरीचा दम गेला, ही दुसरी. पहिलीच्या मुळाशी बहुतेक वेळा स्क्रीन आणि नेटवर्क असतं, दुसरीच्या मुळाशी उष्णता. उपायही निरनिराळे आहेत, कधी कधी तर एकमेकांच्या उलट जाणारे. तेव्हा पुढचं वाचताना आपली तक्रार कोणती ते आधी ठरवा.

बॅटरी जुनी होते म्हणजे आत नेमकं काय होतं?

आजच्या सगळ्या स्मार्टफोनमध्ये लिथियम-आयन जातीची बॅटरी असते. सोनीने १९९१ मध्ये ती पहिल्यांदा बाजारात आणली आणि तिच्या घडणीसाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. चार्ज करताना लिथियमचे आयन एका बाजूच्या धातूच्या ऑक्साइडमधून निघून दुसऱ्या बाजूच्या ग्रॅफाइटमध्ये जाऊन बसतात. फोन वापरताना ते परत येतात. या जा-ये मध्ये ग्रॅफाइटवर एक पातळ थर साचत जातो आणि थोडं थोडं लिथियम त्यात कायमचं अडकतं. उष्णता वाढली की हा थर भराभर वाढतो.

याचे दोन परिणाम दिसतात. एक तर बॅटरीत मावणारी वीज कमी होते. दुसरं म्हणजे तिचा अंतर्गत रोध, म्हणजे वीज बाहेर पडायला आतून होणारा अडथळा, वाढतो, मग कॅमेरा उघडल्यासारखा एकदम जोर पडला की ती दम टाकते. फोन २५ टक्के दाखवत असताना फट्कन बंद होतो तो यामुळेच.

आयुष्य मोजतात ते चार्जिंगच्या चक्रांत. आज ६० टक्के वापरली, उद्या ४० टक्के वापरली, की मिळून एक चक्र झालं. किती वेळा पिन लावली याच्याशी त्याचा संबंध नाही. ॲपलच्या सांगण्यानुसार आयफोन १४ आणि त्याआधीच्या फोनची बॅटरी आदर्श परिस्थितीत ५०० चक्रांनंतर ८० टक्के क्षमता राखते, आयफोन १५ पासून पुढे १००० चक्रांनंतर. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून बाजारात येणाऱ्या नव्या फोनसाठी किमान ८०० चक्रांनंतर ८० टक्के, अशी अटच घातली आहे.

२० ते ८० टक्क्यांच्या मध्येच ठेवायची, हे खरं का?

शास्त्र म्हणून खरं आहे. बॅटरी पूर्ण भरलेली असताना तिच्यातला व्होल्टेज सर्वांत जास्त असतो आणि त्या अवस्थेत ती तासन्‌तास राहिली की आतल्या रसायनांची झीज वाढते. म्हणूनच बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये आणि आयफोन १५ पासून पुढे ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय दिलेली असते.

पण हा नियम कोणासाठी, ते महत्त्वाचं. घरून काम करणाऱ्याने किंवा ऑफिसात टेबलावर चार्जर असणाऱ्याने ८० ची मर्यादा जरूर लावावी, त्याचं काही अडत नाही. बदलापूर किंवा विरारहून सकाळी सातच्या आत गाडी पकडणाऱ्या आणि रात्री नऊला घरी पोचणाऱ्या माणसाने १०० टक्के भरूनच निघावं. त्याचा फोन म्हणजे त्याचा पास आहे, पैशांचं पाकीट आहे आणि घरच्यांशी असलेला एकमेव धागा आहे. दोन वर्षांनी बॅटरीत चार-पाच टक्के जास्त उरावेत म्हणून आज संध्याकाळी कुर्ल्याला बंद फोन घेऊन उभं राहण्यात शहाणपणा नाही.

खालच्या टोकाला एकच पथ्य पाळा: फोन शून्यावर जाऊन बंद पडला तर तो तसाच दिवसेंदिवस पडू देऊ नका.

रात्रभर चार्जिंगला लावला तर बॅटरी फुटते का?

नाही. बॅटरी भरली की फोनच आत येणारी वीज तोडतो. रात्रभर १०० वर राहिल्याने थोडी जास्त झीज होते, इतकंच. तीही टाळायची असेल तर 'ऑप्टिमाइज्ड चार्जिंग' किंवा 'ॲडॅप्टिव्ह चार्जिंग' चालू ठेवा. आयफोनमध्ये ही सोय २०१९ च्या आयओएस १३ पासून आहे. फोन तुमची उठायची वेळ ओळखतो, ८० च्या आसपास थांबतो आणि उरलेलं पहाटे भरतो.

आम्हाला जास्त काळजी वाटते ती फोन कुठे ठेवता याची. वन रूम किचनमध्ये प्लग पलंगाजवळ असतो, मग फोन उशीखाली किंवा गादीवर चार्ज होत राहतो. खालून कापूस, वरून चादर, गरमी जायला वाट नाही. चार्जिंग करताना फोन लादीवर, स्टुलावर, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवा. जाड कव्हर असेल तर तेही काढा.

नवा फोन पहिल्यांदा आठ तास चार्ज करायचा ना?

गरज नाही. ही सवय निकेल-कॅडमियमच्या काळातली. त्या बॅटऱ्या पूर्ण न उतरवता पुन्हा पुन्हा भरल्या तर तेवढीच क्षमता 'लक्षात ठेवायच्या', लिथियम-आयनचं तसं नाही. डब्यातून काढा, वापरा, हवं तेव्हा भरा.

मुंबईच्या उकाड्याचा बॅटरीवर किती परिणाम होतो?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

ॲपल आपले फोन ० ते ३५ अंश तापमानात वापरायला सांगतं. मुंबईत मार्च ते मे आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये दुपारी पारा ३३-३५ वर सहज जातो, म्हणजे सावलीतल्या हवेनेच आपण मर्यादेच्या तोंडाशी येतो. त्यात फोनची स्वतःची गरमी आणि घामेजलेल्या खिशातली ऊब मिळवा. बंद गाडीच्या डॅशबोर्डचं तर बोलायलाच नको.

सगळ्यात हाल होतात डिलिव्हरी करणाऱ्या मुलांच्या फोनचे. स्कूटरच्या हँडलला फोन लावलेला, ऊन थेट स्क्रीनवर. उन्हात दिसावं म्हणून ब्राइटनेस पूर्ण. नकाशा चालू, जीपीएस चालू, डेटा चालू. शिवाय गाडीच्या सॉकेटमधून चार्जिंगही चालू. असे फोन आम्ही उघडतो तेव्हा मागच्या पॅनेलचा डिंक सुटलेला असतो आणि बॅटरी दोन्ही बाजूंनी गुबगुबीत झालेली दिसते. फोन वर्षाचासुद्धा नसतो.

या मुलांना आमचं सांगणं असं: चार्जिंग ऊन नसताना करा, दुकानासमोर ऑर्डरची वाट बघत सावलीत उभे असाल तेव्हा. ओळखीचा रस्ता असेल तर नकाशा आवाजावर ठेवा आणि स्क्रीन बंद करा. सिग्नलला थांबलात की हाताने फोनवर सावली धरलीत तरी फरक पडतो. टॅक्सीवाल्यांनी फोनचा स्टँड काचेला न चिकटवता एसीच्या झडपेजवळ लावावा. पावसाळ्यातली प्लास्टिकची पाकिटं पाण्यापासून फोन वाचवतात, पण आतली गरमी कोंडतात, म्हणून पाकिटात असताना चार्जिंग नको.

फोन तापला तर कव्हर काढा, चार्जर काढा, पंख्याखाली ठेवा. फ्रिजमध्ये अजिबात ठेवू नका. आपल्या दमट हवेत तो बाहेर काढला की आतल्या भागांवर बाष्प धरतं आणि बॅटरी वाचवता वाचवता बोर्ड जातो. फार तापल्यावर फोन स्वतःच ब्राइटनेस उतरवतो किंवा चार्जिंग थांबवतो. तो बिघाड नव्हे, स्वतःला वाचवण्याची त्याची व्यवस्था आहे.

लोकलमध्ये बॅटरी इतकी भरभर का उतरते?

टॉवर जवळ असला की फोन हळू आवाजात बोलतो, लांब असला की त्याला ओरडावं लागतं. सिग्नलची एकच कांडी दिसत असते तेव्हा फोन जास्त ताकदीने लहरी सोडत असतो, आणि ती ताकद बॅटरीतून येते. धावत्या लोकलमध्ये तो सतत एका टॉवरवरून दुसऱ्यावर जात असतो. भोवती धातूचा डबा आणि दाटलेली माणसं. त्यातच व्हिडिओ बघितला की स्क्रीन, प्रोसेसर आणि डेटा तिघेही एकदम वीज ओढतात. आरे ते कफ परेड या मेट्रो ३ चा मार्ग जवळजवळ सगळा जमिनीखालून आहे. तिथे रेंज गेली की फोन ती शोधत बसतो, आणि या शोधण्यातही बॅटरी जाते.

मालिका, गाणी, पॉडकास्ट घरच्या वायफायवर आदल्या रात्री उतरवून घ्या. रोजच्या प्रवासातला सर्वांत मोठा फरक यानेच पडतो. भुयारी पट्ट्यात कोणाच्या फोनची वाट बघत नसाल तर एअरप्लेन मोड लावा.

आणखी एक गोष्ट फार कमी जण बघतात. दोन सिमच्या फोनमध्ये दुसरं सिम गावाकडच्या वापराचं असतं. त्या कंपनीची रेंज तुमच्या इमारतीत नसेल, तर ते सिम दिवसभर नेटवर्क शोधत राहतं. सेटिंगमध्ये जाऊन ते तात्पुरतं बंद करा. तसंच ५जी कधी येतं कधी जातं अशा भागात राहत असाल तर फोन ४जीवर ठेवून दोन दिवस बघा.

डार्क मोडने खरंच वाचते का?

तुमची स्क्रीन ओलेड किंवा अमोलेड असेल तरच. तिच्यात काळा ठिपका म्हणजे विझलेला ठिपका. एलसीडीच्या मागे दिवा पेटलेलाच असतो, म्हणून तिथे फायदा नाही. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने २०२१ मध्ये ओलेड फोनवर मोजणी केली होती. ब्राइटनेस पूर्ण असताना डार्क मोडने ३९ ते ४७ टक्के वीज वाचली, पण ३०-५० टक्के ब्राइटनेसवर फक्त ३ ते ९ टक्के. म्हणजे घरात बसून वापरताना ब्राइटनेस कमी करणं हाच खरा उपाय. स्क्रीन बंद व्हायची वेळ ३० सेकंदांवर आणा. १२० हर्ट्‌झची, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारी स्क्रीन असेल आणि दिवस काढायचा असेल तर ६० वर ठेवा. घड्याळ दाखवणारी 'ऑलवेज ऑन' स्क्रीनही बंद करा.

मागे उघडी राहिलेली ॲप सारखी सरकवून बंद करावीत का?

नाही. हा सल्ला कोणी कोणाला दिला माहीत नाही, पण तो घराघरात पोचला आहे. मागे दिसणारी बहुतेक ॲप झोपलेली असतात. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून 'डोझ' आणि २०१८ च्या अँड्रॉइड ९ पासून 'ॲडॅप्टिव्ह बॅटरी' या सोयींनी मागची ॲप झोपवून ठेवायचं काम फोन स्वतः करतो. तुम्ही ॲप बंद केलं आणि दहा मिनिटांनी पुन्हा उघडलं की ते शून्यापासून चालू होतं, त्यात वीज उलट जास्त जाते.

त्याऐवजी सेटिंगमध्ये 'बॅटरी' उघडा आणि यादीत वरच्या तीन-चार ओळी वाचा. न वापरलेलं ॲप तिथे दिसत असेल तर त्याचा मागचा वापर बंद करा, नाहीतर काढून टाका. लोकेशनची परवानगी 'ॲप वापरताना' एवढीच ठेवा. ब्लूटूथ नुसतं चालू असल्याने फार काही जात नाही. 'बॅटरी सेव्हर' आणि 'क्लीनर' नावाची बाहेरची ॲप मात्र आजच काढा, ती स्वतःच दिवसभर चालू राहून जाहिराती दाखवतात.

फास्ट चार्जिंग वाईट का?

कंपनीच्या चार्जरने केलं तर घाबरण्यासारखं काही नाही. बॅटरी रिकामी असताना फोन जास्त करंट घेतो आणि भरत आली की आपोआप हात आखडतो. म्हणून पहिले ५० टक्के झटकन होतात आणि शेवटच्या २० ला वेळ लागतो. त्रास होतो तो तापण्याचा. घाई असेल तेव्हा फास्ट, रात्री जुना साधा चार्जर, असं ठेवा. वायरलेस चार्जिंगमध्ये बरीच वीज उष्णतेत जाते, उन्हाळ्यात तरी आम्ही त्याची शिफारस करत नाही.

स्टेशनबाहेरचा शंभर रुपयांचा चार्जर चालेल का?

नको. हा खर्च वाचवू नका. भारतात मोबाइलचे अडॅप्टर आणि पॉवर बँक यांना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. अडॅप्टर उलटा करून बारीक अक्षरं वाचा: ब्युरोचं चिन्ह आणि 'आर' ने सुरू होणारा आठ आकडी नोंदणी क्रमांक हवा. ब्युरोच्या 'बीआयएस केअर' या ॲपमध्ये तो क्रमांक घातला की कोणत्या कंपनीच्या कोणत्या वस्तूसाठी तो दिला आहे ते दिसतं. चिन्ह छापणं सोपं असतं, म्हणून क्रमांक तपासाच.

चार्जिंग हळू होत असेल तर दर वेळी चार्जरच दोषी नसतो. खिशातला कापूस फोनच्या पोर्टमध्ये दाबला जाऊन तळाशी बसतो आणि पिन पूर्ण आत जात नाही. फोन बंद करा, टॉर्चने आत बघा आणि लाकडी टूथपिकने अलगद काढा. टाचणी किंवा सुई घालू नका.

१०००० एमएएचची पॉवर बँक ५००० चा फोन दोनदा का भरत नाही?

एमएएच म्हणजे बॅटरीत किती साठा मावतो त्याचं माप. तो आकडा आतल्या बॅटरीच्या ३.७ व्होल्टवरचा असतो, म्हणजे एकूण ऊर्जा ३७ वॅट-अवर. बाहेर वीज येते ५ व्होल्टने. त्या हिशेबाने उरतात ७४००, आणि व्होल्टेज बदलण्यात काही गळती होते. म्हणून पॉवर बँकेच्या मागे 'रेटेड कपॅसिटी' साधारण ६००० च्या आसपास लिहिलेली आढळते. खरेदी करताना तोच आकडा बघा. विमानाने जाताना पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवायची, सामानात टाकायची नाही. १०० वॅट-अवरपर्यंत परवानगी लागत नाही, आणि २०००० ची पॉवर बँक ७४ वॅट-अवर भरते.

पावसाने लोकल बंद पडल्या आणि फोनवर १५ टक्के उरलेत. काय करू?

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि लाखो माणसं जिथल्या तिथे अडकली. तेव्हापासून दर पावसाळ्यात आपण सगळे ही तयारी मनात धरून असतो, तरी प्रत्यक्ष वेळ आली की माणूस गडबडतो. म्हणून क्रमाने सांगतो.

आधी बॅटरी सेव्हर लावा. ब्राइटनेस अगदी खाली आणा. घरी एकच मेसेज पाठवा: कुठे आहात, कोणाबरोबर आहात, पुन्हा किती वाजता संपर्क कराल. लोकेशन एकदाच पाठवा, 'लाइव्ह' नको. मग एअरप्लेन मोड लावा आणि ठरलेल्या वेळी दोन मिनिटं काढा. पाणी किती तुंबलंय त्याचे व्हिडिओ बघण्यात बॅटरी घालवू नका, शेजारचा प्रवासी सांगेलच. घरचे दोन नंबर कागदावर लिहून पाकिटात असू द्या, आपल्याला हल्ली कोणाचेच नंबर पाठ नसतात.

तिकीट किंवा पास फोनमध्ये असेल तर तेवढ्यासाठी दोन-तीन टक्के राखून ठेवा. फोन बंद असल्यामुळे तिकीट दाखवता आलं नाही तर तपासनीस विनातिकीटच धरतो.

फोन भिजला तर?

चार्जिंगला लावू नका. पोर्ट खाली करून हलकेच झटका आणि पंख्याच्या वाऱ्यावर ठेवा. तांदळाच्या डब्यात घालू नका, तांदळाचे बारीक कण आत जातात. ॲपलनेही तसं करू नका असं स्पष्ट सांगितलं आहे.

बॅटरी बदलू की फोन?

फोन नीट चालत असेल तर बॅटरी बदला. हे आम्ही अगदी मनापासून सांगतो. फोन संथ झाला, मध्येच बंद होतो, म्हणून लोक हप्त्यावर नवा घेतात, आणि बऱ्याचदा जुन्याला फक्त बॅटरीची गरज असते. क्षमता ८० टक्क्यांखाली गेली असेल, किंवा २०-३० टक्क्यांवर फोन बंद पडत असेल, तर वेळ झाली असं समजा. आयफोनमध्ये 'बॅटरी हेल्थ' मध्ये आकडा दिसतो. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये कंपनीच्या तपासणी ॲपमध्ये कळतं. फोनला सुरक्षेचे अपडेट येणंच बंद झालं असेल तर मात्र बॅटरीवर पैसे घालण्याआधी विचार करा, विशेषतः त्यात बँकेची ॲप असतील तर.

पहिली पसंती कंपनीच्या अधिकृत सेंटरला. ते परवडत नसेल किंवा मॉडेल जुनं म्हणून ते बॅटरी देत नसतील, तर बाहेर करा, पण विचारून. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात असो की गल्लीतल्या दुकानात, 'ओरिजिनल' या शब्दावर जाऊ नका. बॅटरी बसवण्याआधी हातात घेऊन बघा. उत्पादनाची तारीख बघा, कारण तीन वर्षं खोक्यात पडलेली खरी बॅटरीसुद्धा म्हातारी झालेली असते. वॉरंटी बिलावर लिहून घ्या. तुमच्यासमोर फोन उघडायला सांगा. फोन पाणीरोधक असेल तर नवी चिकटपट्टी लावणार का ते विचारा, आणि ती लावली तरी पुढे पाण्यापासून जपा. आयफोनमध्ये बाहेरची बॅटरी घातली की 'अज्ञात भाग' असा संदेश येऊ शकतो. दुकानदाराने हे आधीच सांगायला हवं.

बॅटरी फुगली हे कसं ओळखायचं, आणि मग काय करायचं?

फोन सपाट काचेवर ठेवा. तो डगमगत असेल किंवा बोटाने गरगर फिरत असेल तर पाठ फुगली आहे. स्क्रीनची एक कड उचललेली दिसते, अंधारात तिथून उजेड झिरपतो. मधोमध दाबल्यावर स्क्रीनवर डाग उमटतो, पण हे करून बघू नका.

फुगली असेल तर तिच्या आत वायू धरलेला आहे. चार्जिंग बंद, फोन बंद. दाबून बसवू नका, टोचू नका, स्वतः उघडू नका. पेट घेईल असं काही जवळ नसेल अशा जागी ठेवा आणि त्याच दिवशी दुरुस्तीला आणा.

काढलेली बॅटरी सुक्या कचऱ्यात टाकू नका. कचऱ्याच्या गाडीत ती चिरडली गेली तर आग लागते आणि तिथे हात असतो तो सफाई कामगाराचा. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. टोकांवर चिकटपट्टी लावा आणि सेंटरमध्ये किंवा ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या. दुकानात बदलली असेल तर जुनीचं काय करणार, असं दुकानदाराला विचारा.

जुना फोन कपाटात ठेवायचाय, भरून ठेवू की रिकामा?

दोन्ही नको. ५० टक्क्यांच्या आसपास भरा, पूर्ण बंद करा आणि गार, कोरड्या जागी ठेवा. स्वयंपाकघराचा माळा आणि ऊन येणारी खिडकी टाळा. सहा महिन्यांनी काढून पुन्हा अर्ध्यावर आणा, आणि तेव्हाच पाठ फुगली नाही ना ते बघून घ्या.